1914 चं ब्ल्यू बुक, 1942 ची क्रिप्स श्वेतपत्रिका: मूळ छपाई कशी ओळखायची, कशी टिकवायची?

रत्नागिरी_वाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. युद्धकाळातल्या राजनैतिक कागदपत्रांच्या छापील प्रतींबद्दल विचारायचं आहे. एका गठ्ठ्यात तीन वस्तू आहेत. तिन्हींचं वर्णन खाली देतो.

1) 'ग्रेट ब्रिटन अँड द युरोपियन क्रायसिस', 1914, म्हणजे ब्रिटनचं ब्ल्यू बुक (सरकारने छापलेला राजनैतिक कागदपत्रांचा संग्रह). लहान आकार, शीर्षकाच्या पानावर किंमत एक पेनी. मुखपृष्ठ नाही, शिवणीच्या दोन पिना गंजलेल्या, त्यांच्याभोवती तांबूस डाग.

2) सी.एम.डी. (ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेल्या सरकारी कागदांची क्रमांकमालिका) 6350, एप्रिल 1942, क्रिप्स मिशनचा मसुदा आणि पत्रव्यवहार. कागद करडा, पातळ. पहिल्या पानावर एका ग्रंथालयाचा लंबगोल जांभळा शिक्का आणि दाखल क्रमांक.

3) 'द अटलांटिक चार्टर' असं शीर्षक असलेला मोठा छापील कागद, खाली रूझवेल्ट आणि चर्चिल यांची नावं. विकणारा 'मूळ सहीचा दस्तऐवज' म्हणतो आणि त्याच हिशेबाने पैसे मागतो.

प्रश्न असे: या मूळ छपाया आहेत हे कशावरून ठरवायचं? पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल येते, तर हे ठेवायचं कसं? आणि पुढे कधी परदेशातल्या संग्राहकाला विकायची वेळ आली तर कायद्याची अडचण येते का?

पांढरीपत्रिका

आधी तिसऱ्याचं सांगतो, कारण तिथे पैसे जायची भीती आहे. अटलांटिक चार्टरची दोघांच्या सह्यांची औपचारिक मूळ प्रत अस्तित्वातच नाही. ऑगस्ट 1941 मध्ये न्यूफाउंडलंडच्या प्लासेंशिया उपसागरात ऑगस्टा आणि प्रिन्स ऑफ वेल्स या युद्धनौकांवर मजकूर ठरला, तिथून तो बिनतारी संदेशाने लंडन-वॉशिंग्टनला गेला आणि 14 ऑगस्टला जाहीर झाला. सही-शिक्क्याचा करार असा झालाच नव्हता, हे खुद्द रूझवेल्टनी डिसेंबर 1944 च्या पत्रकार परिषदेत सांगितलं. म्हणजे 'मूळ सहीचा' हा शब्द ऐकला की सौदा तिथेच थांबवा.

तुमच्याकडचा कागद टाकाऊ आहे असं मात्र नाही. 1943 मध्ये अमेरिकेच्या ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशनने या मजकुराचं भित्तिपत्रक काढलं होतं. तळाच्या समासात भिंग लावून बघा. बारीक अक्षरात 'यू. एस. गव्हर्न्मेंट प्रिंटिंग ऑफिस', त्यापुढे साल, मग 'ओ' हे अक्षर आणि एक आकडा अशी ओळ असेल तर ते युद्धकाळातलं खरं सरकारी भित्तिपत्रक आहे. त्याची किंमत भित्तिपत्रकाची द्या, दस्तऐवजाची नको. ओळ नसेल, किंवा समास कापून चौकटीत बसवलेला असेल, तर नंतरची शोभेची छपाई असण्याची शक्यता धरा.

असाच घोटाळा जपानच्या शरणागतीच्या कागदांबाबत होतो. 2 सप्टेंबर 1945 चा शरणागतीचा दस्तऐवज अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजने त्याच वर्षी हुबेहूब प्रतिकृतीच्या रूपात पुस्तिका काढून छापला. मोठा आकार, सह्या अगदी खऱ्या वाटाव्यात अशा. पुस्तिकेतली पानं सुटी करून 'जहाजावरची प्रत' म्हणून विकली जातात. पुस्तिका पूर्ण असेल तर ती 1945 ची म्हणून आवर्जून घ्यावी. सुटं पान घेऊ नये.

ज्यांना सरकारने छापलेला अटलांटिक चार्टरच हवा असेल त्यांनी ब्रिटनची सी.एम.डी. 6321 शोधावी. दिसायला साधी, पातळ पत्रिका आहे, पण 1941 साली संसदेपुढे ठेवलेला कागद तोच.

खिळेछाप

तुमच्या पहिल्या दोन वस्तूंसाठी एक सवय लावून घ्या: मुखपृष्ठ नंतर, शेवटचं पान आधी. मुखपृष्ठावरचं साल हे कागद संसदेपुढे ठेवल्याचं साल असतं, ती प्रत छापल्याचं असेलच असं नाही. छपाईची खूण शेवटच्या पानाच्या तळाशी, सगळ्यात बारीक खिळ्यांत (छपाईच्या धातूच्या अक्षरांत) असते. ब्रिटिश स्टेशनरी ऑफिसच्या (सरकारी प्रकाशन खात्याच्या) पत्रिकांवर तिथे 'डब्ल्यू. टी.' म्हणजे वॉरंट, मग आकडे, कधी छापलेल्या प्रतींची संख्या, मग महिना आणि साल, शेवटी छापखान्याची आद्याक्षरं असतात. 4/42 म्हणजे एप्रिल 1942. तुमच्या 6350 वर हाच महिना असेल तर पहिली छपाई. पुढचा महिना असेल तर त्याच कार्यालयाने केलेलं पुनर्मुद्रण. ते बनावट नाही, पण पहिलंही नाही. विकणारे बहुतेक वेळा ही ओळ वाचतच नाहीत, म्हणून फोटो मागताना शेवटच्या पानाचा तळ मुद्दाम मागा.

दुसरी खूण पत्त्यांची. 1939 च्या पत्रिकांवर स्टेशनरी ऑफिसच्या मँचेस्टर शाखेचा पत्ता 26 यॉर्क स्ट्रीट असतो. 1942 च्या पत्रिकांवर तो 39-41 किंग स्ट्रीट होतो. म्हणजे सप्टेंबर 1939 च्या जर्मन-पोलिश ब्ल्यू बुकवर, सी.एम.डी. 6106 वर, किंग स्ट्रीट दिसला तर ती प्रत युद्ध सुरू झालं त्या आठवड्यांतली नाही.

क्रमांकाच्या आधीची अक्षरंही तपासा. सी.डी. ही मालिका 1900 ते 1918, सी.एम.डी. 1919 ते 1956, त्यानंतर सी.एम.एन.डी. पहिल्या महायुद्धातल्या कागदावर सी.एम.डी. असं लिहून जाहिरात केलेली असेल तर विकणाऱ्याने क्रमांक ऐकीव दिलाय.

आता छपाई. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन किंचित गडद किनार उमटते, आणि पान तिरप्या उजेडात धरलं की मागच्या बाजूला अक्षरांचा उठाव बोटाला लागतो. ऑफसेटमध्ये अक्षर सपाट असतं. हल्लीच्या मागणीनुसार छपाईत टोनर असतो: कागदावर बसलेला, किंचित चकाकणारा, कडेला बारीक ठिपके उडालेले. स्कॅनवरून छापलेल्या प्रतींत जुन्या पानावरचे डागसुद्धा काळ्या ठिपक्यांत छापून येतात. डाग काळा आणि अक्षराइतकाच धारदार असेल तर तो छापलेला डाग आहे.

अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरची अतिनील बॅटरी लावा. कागदात उजळपणा आणणारी रसायनं सर्रास वापरात आली ती 1950 च्या सुमारास. कागद निळसर पांढरा लखलखला तर तो 1914 चा नाही आणि 1942 चाही नाही. फक्त डिंक किंवा दुरुस्तीची पट्टी चमकली तर घाबरू नका, ती दुरुस्ती नंतरची आहे एवढंच.

तुमच्या 6350 चा करडा, पातळ कागद ही चांगली खूण आहे. 1940 नंतर उत्तर आफ्रिकेतून कागदासाठी येणारं एस्पार्टो गवत बंद झालं, ब्रिटिश कारखान्यांना पेंढा आणि रद्दीवर भागवावं लागलं. त्या काळच्या सरकारी कागदाला हात लावला की तो फरक कळतो.

चौदा_ऑगस्ट

पेनीच्या प्रतीबद्दल. या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू फिरतात.

पहिली सी.डी. 7467, ऑगस्ट 1914 च्या पहिल्या आठवड्यात संसदेपुढे ठेवलेली. मोठा फोलिओ आकार, साधारण 33 बाय 21 सेंटिमीटर, हॅरिसन अँड सन्स यांची छपाई. रंगीत आवरण नव्हतं म्हणून तिला त्या वेळी व्हाइट पेपर म्हणत. त्यात 159 कागद आहेत. बर्लिनहून परतलेले ब्रिटिश राजदूत गोशेन यांचा अहवाल, ज्यात जर्मन चान्सेलर बेटमान-होलवेग यांचं 'कागदाचा तुकडा' हे प्रसिद्ध वाक्य येतं, तो त्यात नाही. तो सी.डी. 7445 म्हणून वेगळा निघाला.

दुसरी म्हणजे तुमची. सप्टेंबर 1914 च्या अखेरीस सामान्य वाचकासाठी लहान आकारात, एका पेनीला, सुरुवातीला घटनाक्रमाचं निवेदन आणि संसदेतली भाषणं घालून काढलेली. यात गोशेन यांचा अहवाल 160 क्रमांकाने आणि व्हिएन्नाचे राजदूत दे बुन्सेन यांचा 161 क्रमांकाने जोडला आहे. तर मुखपृष्ठ नसलं तरी शेवटचे क्रमांक मोजा. 161 असेल तर पेनीची प्रत पूर्ण. 159 वर संपत असेल आणि आकार लहान असेल तर मागची पानं गेली आहेत.

फोलिओ घेताना एक कागद उघडून बघा: क्रमांक 105. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी आपल्या पॅरिसमधल्या राजदूताला पाठवलेलं हे पत्र 30 जुलैचं. त्याला जोडलेलं तिसरं जोडपत्र सुरुवातीच्या छपाईत 31 जुलै तारखेचं आहे, आणि त्यात 'काल, शुक्रवारी' असा उल्लेख येतो. 30 जुलै 1914 ला गुरुवार होता. गुरुवारच्या पत्राला शुक्रवारनंतरचं जोडपत्र कसं जोडणार? जर्मन बाजूने यावर रान उठवलं आणि पुढच्या छपाईत मजकूर बदलला. एका ओळीने छपाईचा क्रम कळतो, म्हणून संग्राहकाला या पानाचं मोल फार.

फ्रेंच यलो बुकमध्ये असाच कागद 118 वा. पॅरिसच्या इम्प्रिमरी नॅशनालने छापलेल्या 1914 च्या पुस्तकात, रशियाने सार्वत्रिक सैन्यजमवाजमव केली ती ऑस्ट्रियाच्या जमवाजमवीमुळे, असा लांब मजकूर आहे. रशियातले फ्रेंच राजदूत पालेओलोग यांची मूळ तार एका वाक्याची होती: रशियन सैन्याच्या सार्वत्रिक जमवाजमवीचा हुकूम निघाला आहे. कारण पदरचं घातलेलं. ही पुस्तकं लोकांना पटवण्यासाठी छापली होती, दप्तरात ठेवायला नाही. म्हणून एकाच देशाचा कागद घेऊन थांबू नका. 1914 चं जर्मन वाइसबुख (व्हाइट बुक), रशियाचं ऑरेंज, बेल्जियमचं ग्रे, ऑस्ट्रियाचं रेड, सर्बियाचं ब्लू अशी शेजारी शेजारी लावली की कोण काय गाळतो ते दिसतं. हे सगळं इंग्रजीत एकत्र हवं असेल तर 1915 ची सी.डी. 7860 घ्या, एकाच जाड खंडात मिळते.

किंमतीबद्दल एवढंच: पेनीची आवृत्ती घरोघर जावी म्हणूनच काढली होती, ती दुर्मीळ नाही. विकणाऱ्यांची मागणी बघू नका, लिलावांत प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत बघा. फोलिओ सी.डी. 7467 मात्र कमी दिसते, कारण ती ग्रंथालयांनी वर्षाच्या जाड खंडांत बांधून टाकली. त्यामुळे सुटी प्रत मिळते तेव्हा कण्याला जुन्या शिवणीची भोकं आणि सरस आहे का ते पाहा. असेल तर ती खंडातून उचकटलेली आहे आणि आतला समास कापला गेलेला असतो.

शिवणदोरा

ठेवणीबद्दल लिहिते. कोकणातल्या हवेत घाई करू नका, पण पिना मात्र पुढच्या पावसाळ्याआधी काढा. गंज कागद खात जातो, आणि ओल आली की वेगाने.

पिन काढायचं यंत्र वापरू नका, ते जुना कागद ओरबाडतं. पत्रिका मधोमध उघडून टेबलावर ठेवा. पिनेच्या दुमडलेल्या पायाखाली पॉलिस्टरच्या फिल्मची बोटभर पट्टी सरकवा, म्हणजे हत्यार कागदाला लागत नाही. बोथट, पातळ स्पॅच्युलाने एकेक पाय उभा करा. मग पत्रिका उलटून पाठीकडून पिन सरळ वर ओढा. गंजून तुटली तर तुकडे चिमट्याने. तांबूस डाग तसाच राहू द्या. लिंबू, ऑक्झॅलिक ॲसिड असलं काही लावू नका, डाग फिका होतो आणि तिथला कागद वर्षभरात गळतो. शिवायला पांढरा न रंगवलेला लिननचा किंवा सुती दोरा, जुन्याच भोकांतून. मध्ये एक भोक वाढवून तीन भोकांची शिवण, गाठ आतल्या बाजूला. दोरा ताणू नका, नाहीतर घडीवर कागद चिरतो.

फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ, अगदी पातळ थर. चिकटपट्टी कुठलीच नको, 'आर्काइव्हल' लिहिलेलीसुद्धा नको. लॅमिनेशन तर नकोच. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात घुसतं आणि आम्ल आत कोंडतं. जुन्या ग्रंथालयातून आलेल्या कागदावर गुळगुळीत पारदर्शक थर दिसला तर तो सेल्युलोज ॲसिटेट आणि ॲसिटोन वापरून हाताने केलेलं लॅमिनेशन असू शकतं. ती पद्धत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातच विकसित झाली आणि देशभर वापरली गेली. तो थर घरी सोडवायला जाऊ नका.

कपाटात ठेवण्याआधी कसर आणि वाळवीचा बंदोबस्त. पत्रिका दोन पॉलिथिन पिशव्यांत, हवा काढून घट्ट बंद, घरच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. लोकांची चूक इथेच होते: थंड कागद लगेच उघडला की त्यावर दव बसतं आणि कीड मरून बुरशी येते. बुरशी आधीच असेल तर फ्रीजरने ती मरत नाही, नुसती थांबते. अशा वेळी आधी कोरड्या वाऱ्यावर सुकवा, तोंडाला एन-95 लावून मऊ ब्रशने झटका, उघड्यावर, घरात नाही.

मग 75 ते 100 मायक्रॉनची पॉलिस्टर फिल्म, दोनच कडा बंद असलेली. चारही कडा बंद केल्या तर आम्लयुक्त कागद लवकर पिवळा होतो. पीव्हीसीची पाकिटं, वासाचं प्लॅस्टिक अजिबात नको. मागे कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला आम्लरहित कागद घाला. हे सगळं हवाबंद डब्यात: 20 लिटरच्या डब्याला 400 ग्रॅमच्या आसपास सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत, कागदाला न टेकता. डब्यात आर्द्रतामापक ठेवा. 45 ते 55 टक्के चांगलं. 35 च्या खाली गेलं तर जेल थोडं काढून घ्या, 1942 चा कागद कडक होऊन घडीवर तुटतो. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोनेक तास सुकवायचं.

डांबरगोळ्या कागदाशेजारी नकोत. वेखंड आपल्याकडे पोथ्यांच्या बासनात घालतात, ते चालेल, पण कापडात बांधून डब्याबाहेर कपाटात. पानांमध्ये कडुनिंबाचा पाला घातला की त्याचा डाग कायमचा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर.

भित्तिपत्रक गुंडाळून ठेवलेलं असेल तर जोर लावून सपाट करू नका. दमट खोलीत एक दिवस राहू द्या, मग दोन टीपकागदांमध्ये घालून वर काच.

रत्नागिरी_वाचक

फार उपयोगी. तपासलं: पेनीच्या प्रतीत 160 आणि 161 दोन्ही आहेत. 6350 च्या शेवटच्या ओळीत 4/42 आहे. भित्तिपत्रकावर प्रिंटिंग ऑफिसची ओळ आणि 1943 दिसतंय. ग्रंथालयाच्या शिक्क्याचं काय करू? आणि भारताशी संबंध असलेलं आणखी काय शोधावं?

दाखल_क्रमांक

शिक्का पुसायचा नाही. तो वस्तूचा माग आहे. बघायचं ते हे की 'निर्लेखित' किंवा 'रद्द' असा दुसरा शिक्का, तारीख आणि सही आहे का. ग्रंथालयं जुनी पुस्तकं काढतात तेव्हा निर्लेखनाची नोंद करतात. तो शिक्का नसेल तर ग्रंथालयाला दाखल क्रमांक लिहून विचारा आणि त्यांचं उत्तर वस्तूबरोबर जपून ठेवा. सरकारी कार्यालयाच्या दप्तरातला कागद असेल, फाइल क्रमांक आणि शेरे असतील, तर 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याचा प्रश्न येतो. तो घेऊच नका.

परदेशी विकण्याबद्दल. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित, अभिलेख किंवा अन्य दस्तऐवज 75 वर्षं जुना असला की पुरावस्तूत मोडू शकतो. 6350 ला ती मुदत 2017 मध्येच पूर्ण झाली. पुरावस्तूची खासगी निर्यात बंद आहे आणि देशातही तिचा व्यापार करायला परवाना लागतो. हजारो प्रती छापलेली पत्रिका यात बसते की नाही हे आपण ठरवायचं नाही. पाकीट टपालात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घ्या. बाहेरून मागवताना विकणाऱ्याला पाकिटावर 'छापील पत्रिका', साल आणि खरी किंमत लिहायला सांगा. छापील पुस्तकं सीमाशुल्काच्या 4901 या शीर्षात येतात. शंभर वर्षांवरची वस्तू 'अँटिक' म्हणून लिहिली की ती 9706 मध्ये जाते आणि पाकीट अडकतं.

भारतासंबंधी: व्हर्सायच्या तहाची सी.एम.डी. 153, 1919. त्यात भारताच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची नावं आहेत. सह्यांचा भाग शेवटाला असतो आणि तीच पानं सुटून गेलेली असतात, म्हणून ती आहेत हे पाहूनच घ्या. 1 जानेवारी 1942 च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर भारतातर्फे गिरिजाशंकर बाजपेयींची सही आहे. तो अमेरिकेच्या एक्झिक्युटिव्ह ॲग्रीमेंट सिरीजमध्ये 236 क्रमांकाने आणि स्टेट डिपार्टमेंट बुलेटिनच्या 3 जानेवारी 1942 च्या अंकात छापला आहे. बुलेटिन साप्ताहिक होतं, सुटे अंक मिळतात.

गोव्याचा संबंध हवा असेल तर ऑक्टोबर 1943. मुरगाव बंदरात स्वीडनचं ग्रिप्सहोल्म आणि जपानचं तेया मारू या जहाजांतून सुमारे दीड-दीड हजार नागरिकांची अदलाबदल झाली. पोर्तुगाल तटस्थ होता म्हणून ते बंदर निवडलं. त्या वर्षीचे बुलेटिनचे अंक चाळा.

प्रत ताडून बघायला पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि मुंबईची एशियाटिक सोसायटी. जाण्याआधी फोन करून पत्रिकेचा क्रमांक सांगा, नुसतं नाव सांगून सापडत नाही. हे कागद यादीत क्रमांकाने किंवा वर्षाच्या खंडाने लावलेले असतात.

खिळेछाप

एक भर घालतो. 6350 मध्ये क्रिप्स-आझाद पत्रव्यवहारानंतर पक्षांचे ठराव आहेत: काँग्रेस, मुस्लिम लीग, हिंदू महासभा, शिखांचं निवेदन. हिंदुस्थानातल्या वाचकांनी नेमकी हीच पानं कात्रणासाठी कापलेली असतात. तुमच्या प्रतीचे पानांचे आकडे सलग आहेत का, आणि मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना पानं सारखी आहेत का, हे पिना काढण्याआधी मोजून घ्या. एकदा पानं सुटी झाली की कापलेलं पान आधीपासून नव्हतं की आत्ता गळालं, हे सांगता येत नाही.